सात गुण शिल्लक

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जण बसतो.
वीस बाजूंचा फासा निरंजननं आणला तेव्हा पांढरा होता,
आता पिवळा आहे,
बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा.

निरंजन कोष्टी, एरवी पतसंस्थेत वसुलीला,
रविवारपुरता आमचा सूत्रधार.
म्हणाला, चला, एक पायरी चढलात.
प्रत्येकी सात गुण.
जपून खर्च करा, परतावा नाही.

सुहेल मुजावरला विचार करावा लागत नाही.
मिरजेला त्याच्या घरी तंबोऱ्याचे भोपळे कोरतात,
एकच काम, पण सुरात, हे त्याचं बाळकडू.
सातही गुण तिरंदाजीत टाकले
आणि भडंगातले शेंगदाणे वेचत बसला.

तृप्ती आवटी तक्ता काढून आणते,
कशात किती टाकलं की किती टक्के.
तिचं बोट माझ्या कागदावर:
तुझी चोर ना? मग चार कुलपांना,
दोन चोरपावलांना, उरलाच तर एक गोड बोलण्याला.
पुढे थडगं आहे, दार बंद आहे,
आमची सगळी भिस्त तुझ्यावर.

माझी चोर. नाव सटू.
सटवाईवरून ठेवलं, गमतीत.
ती रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणे,
उशाशी कोरा कागद ठेवतात, लेखणी ठेवतात,
खोडरबर कुणीच ठेवत नाही.

गुण म्हटलं की मला गणितातले अडतीस आठवतात,
मग पत्रिकेतले साडेसव्वीस,
जे जुळले होते.
आणि आईच्या तोंडी तर
गुण नुसते उधळलेच जायचे,
उधळलेस ना शेवटी, बाहेर चारचौघांत?
इथे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं,
उधळ. तुझेच आहेत.

शेवटून दुसरी ओळ: पोहणे. शून्य.

पाणी गल्लीत शिरलं त्या वर्षी
बोट आमच्या गॅलरीला लागली.
वल्हं मारणारा विशीतला, कवलापूरचा.
ताई, पोहता येतं ना?
मी हो म्हणाले.
हो म्हणाले म्हणून उरलेलं एकुलतं जॅकेट
त्यानं पाटणकर आजोबांना चढवलं
आणि मी बोटीची कड धरून
कोरड्या रस्त्यापर्यंत
तेच एक खोटं बोलत राहिले, तोंड न उघडता.
खाली कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा दिसला होता,
हातभर पाण्याखाली.

नंतर तलावावर चौकशी केली.
बायकांची वेळ दुपारी तीन ते चार.
तेव्हा मी कचेरीत सातबारे छापत असते.

मी लिहिलं: पोहणे, तीन.

अगं, वाळवंट आहे, निरंजन म्हणाला,
चार महिने नुसतं वाळवंट,
मी नकाशाच तसा काढलाय.
तृप्तीनं तक्त्याची घडी घातली,
जरा जास्तच नीट.
सुहेल म्हणाला, टाकू दे की, तिचे आहेत.
आणि केदार लोहार, जो सहसा बोलतच नाही,
ज्याच्या मल्लाला आम्ही सामान उचलायला लावतो,
कागदावरून मान न उचलता म्हणाला,
दार मी फोडतो.

मग मी तीन कुलपांना दिले. तेवढी लाज आहे मला.
सातवा बराच वेळ पेन्सिलीच्या टोकावर राहिला.
खोटं बोलणे या ओळीत सटूचे आधीच पाच होते,
ते कधी टाकले आठवेना.
खाली हमालांनी शटर ओढलं,
खोली हलली, फासा स्वतःच एक बाजू वळला,
त्याकडे कुणी पाहिलं नाही.

पोहणे, चार.

चहा आला. गलका सुरू झाला.
आडोशाला धरलेल्या नकाशावर
थडग्याच्या मागच्या अंगाला
निरंजन निळ्या पेननं एक विहीर काढत होता,
पायऱ्यांसकट.
किती खोल, ते त्यानं लिहिलं नव्हतं.
मी बशीतला चहा फुंकत राहिले.